गल्लीला ऐकू जाणारं दुखणं

‘काय सिस्टर, बरं आहे ना?’ असं आमच्या गल्लीत सहसा कुणी विचारत नसे. कारण त्या उत्तर द्यायच्या.

दूधवाला, गॅसची टाकी आणणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, जो कुणी सवयीनं विचारून बसेल त्याला त्या दारात उभं करत आणि सांगत, ‘बरं नाय. कमरेत डाव्या अंगाला सकाळपासून ओढ आहे. वाकलं की वाढते, चाललं की उतरते. आज धुणं तेवढं राहिलं, बाकी सगळं उरकलं.’ यात कण्हणं-कुंथणं अजिबात नसे. रेडिओवर बाजारभाव सांगतात त्या आवाजात त्या आपली कंबर सांगत. फक्त आवाज मोठा. समोरच्या घरातली माणसं जेवता जेवता ऐकत. त्या उमेदवारानं तर जोडलेले हात तसेच ठेवून मागच्या मागं पावलं टाकत गल्ली सोडली होती. मी खिडकीतून पाहत होते.

मंचरला आम्ही त्यांच्याकडे भाड्यानं राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, नवरा एसटीत कंडक्टर. पुढच्या दोन खोल्यांत त्या एकट्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मध्ये सामाईक नळ. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी उमर गेली होती, तीही जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात, जिथं बदली झाली की लोक तोंड वाकडं करतात अशा गावांत. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळं मंचर त्यांना सिस्टरच म्हणे.

म्हातारी माणसं हा त्यांचा खास प्रांत. ‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. ‘वय दुखत नसतं गं,’ त्या म्हणत. ‘गुडघा दुखतो, पाठ दुखते, मान दुखते. वय कुठं असतं ते दाखव मला, मी शेकून देते.’ म्हाताऱ्या माणसाला ‘किती दुखतं’ असं कधी विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. कारण तो खोटं बोलतो. ‘काय करायचं सोडलं?’ असं विचारायचं. मग एखादा आजोबा सांगायचा की हल्ली देवाला पायरीवरूनच हात जोडतो. एखादी आजी सांगायची की वेणी सून घालते. ‘हां, आता कळलं,’ म्हणून सिस्टर मान हलवत. पायरीत गुडघा सापडलेला असे आणि वेणीत खांदा.

लग्नाला गेल्या की आधी नवरानवरी नाही, कार्यालयाच्या दारातल्या चपला बघत. कुठली टाच एकाच अंगानं झिजलीय ते हेरायच्या आणि चपलेचा मालक बाहेर येईपर्यंत तिथंच ठाण मांडून बसायच्या. एकदा मालक निघाले कांद्याचे मोठे व्यापारी, मारवाडी शेठजी. त्यांनी चपलेत पाय घालायच्या आत सिस्टरनी विचारलं, ‘शेठ, उजव्या पायावर भार टाकत नाही तुम्ही. कधीपासून?’

शेठजींनी इकडंतिकडं पाहिलं. ‘सिस्टर, जरा हळू. गादीवर मांडी घालून बसता येत नाही हे बाजारात कळलं तर लोक म्हणतील, शेठ थकले.’

‘मग खुर्ची घ्या की,’ सिस्टर पहिल्याइतक्याच मोठ्यानं म्हणाल्या. शेठजी लाल झाले. पण त्यांच्या गाळ्यावर पुढच्या आठवड्यात खुर्ची दिसली.

सिस्टरचं स्वतःचं स्टूल होतं, सुताराकडून करून घेतलेलं, उचलायला सुतळीचं कडं लावलेलं. जातील तिथं ते बरोबर. पंगतीत सगळे खाली आणि या मध्येच उंचावर, मांडीवर पत्रावळ घेऊन. ‘मी खाली बसले तर उठवायला चौघं लागतील, आणि त्या चौघांच्या भाज्या निवतील,’ असं त्या यजमानालाच बजावत. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, तिथंही स्टूल. एका तरुण भंतेंनी सगळ्यांसारखं खाली बसायला सुचवून पाहिलं. सिस्टर हात जोडून म्हणाल्या, ‘भंते, जगात दुःख आहे हे आधी कबूल कुणी केलं?’ भंते हसले आणि स्टूल राहिलं.

स्वतःची कंबर त्यांनी अशीच सांभाळली होती. सकाळच्या बातम्या लागल्या की एक साधी गोळी, दुपारच्या बातम्यांना एक, संध्याकाळच्या बातम्यांना एक. दुखो न दुखो. दुखायला लागल्यावर गोळी शोधणं म्हणजे पाहुणा ताटावर बसल्यावर डाळ शिजत घालणं, असं त्यांचं मत. मला या सगळ्याची तेव्हा मौज वाटायची. मग आई राहायला आली.

आईचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. वडील गेल्यावर ती एकटी पडली आणि मी तिची एकुलती एक. तरी ती येईना. ‘लेकीच्या दारात म्हातारपन काढू व्हय? लोक त्वांडात शेन घालतील.’ आमच्याकडच्या जुन्या बायका लेकीच्या घरी पाणीसुद्धा अवघडून पितात. शेवटी आली ती एका अटीवर, की घरातलं काम ती करणार. पाहुणी म्हणून नाही आणि ओझं म्हणून तर नाहीच. आल्या दिवसापासून अंगण झाडणं, भांडी, धुणं, भाकरी, सगळं तिनं ओढून घेतलं. मी काही उचलायला गेले की म्हणायची, ‘तू जा कामाला. मपलं मी बघते.’

तिचा उजवा पाय दुखत होता. ते तिनं मला सांगितलं नाही, सिस्टरनी सांगितलं. पायरी चढताना भिंतीला हात लावते हे त्यांनी पहिल्याच सकाळी टिपलं.

‘अक्का, गुडघा का?’

‘कुठं काय. बरं हाय.’

‘बरं आहे, हे उत्तर नाय. कुठं दुखतं, कधी दुखतं आणि काय करायचं सोडलं, एवढं सांगायचं.’

‘म्या काय बी सोडल्यालं न्हाई,’ आई म्हणाली आणि बादली घेऊन आत आली. आत आल्यावर मला म्हणाली, ‘तुझी मालकीन लई चवकशी करती.’

पहिले काही दिवस ती सिस्टरच्या घरचा चहाही टाळत होती. का, ते सिस्टरना सांगावं लागलं नाही. नोकरीभर वाड्यावस्त्यांवर त्यांनी ही शिवाशिव पाहिलेली होती. मात्र एका सकाळी भांडी घासताना आई खाली बसली ती उठेना. मी कामावर गेलेले. सिस्टरनी स्टूल तिच्यापुढं ठेवून, त्याला धरायला लावून तिला उठवलं, आपल्या खाटेवर नेऊन निजवलं आणि तासभर गुडघा शेकला. मी घरी आले तेव्हा आई त्यांच्याच कपबशीतून चहा पीत होती. नंतर तो चहा रोजचा झाला आणि शेकही.

महिनाभरात चमत्कार झाला. आई तुरुतुरु चालायला लागली. पायरीला भिंत लागेना. सिस्टरनी हे यश आपल्या शेकाच्या खात्यावर जमा करून गल्लीभर जाहीर केलं. आईचे गाल भरले, चेहरा गोल झाला, तुळतुळीत दिसायला लागली. गावाकडचं माणूस आलं की म्हणे, ‘लेकीकडचं अन्न मानवलं बाईला.’ माझ्या सासूबाईंनीसुद्धा ते मान्य केलं, आणि त्या माझं काही सहजी मान्य करत नसत. मला इतका अभिमान वाटला की मी एक्सचेंजमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

खरी गोष्ट वेगळी होती. बाजारच्या दिवशी आमच्या गावाकडून जीप यायची आणि त्या जीपमधून आईसाठी पुड्या यायच्या. तिकडं रस्त्याकडेला एक बाबा बसायचा. तो द्यायचा तपकिरी भुकटी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. सगळं गाव घ्यायचं. झाडपाल्याचं औषध, त्यानं काय अपाय होणार? मलाही ठाऊक होतं आणि मलाही काही वावगं वाटलं नव्हतं.

एका दुपारी नळावर सिस्टरनी आईचा दंड धरला आणि सोडलाच नाही. मला हाक मारली. ‘इकडं ये. गाल भरले आणि दंड वाळले, असं कसलं अन्न घालतेस तू हिला?’ मी पाहिलं. चेहरा पौर्णिमेसारखा आणि हात काटकी. हातावर निळेकाळे डाग, जरा कुठं लागलं की उठणारे. सिस्टरचा चेहरा उतरला होता. ‘माझ्या शेकानं नाय झालं हे,’ त्या म्हणाल्या. ‘काय घेते ही?’

पुड्यांचा डबा बाहेर आला. सिस्टरनी भुकटी हातावर घेतली, आईला भूक, झोप, लघवी असं बरंच विचारलं आणि सांगितलं की यात झाडपाला नावाला असेल, बाकी स्टेरॉईड कुटून घातलेलं आहे. दुखणं झाकतं, सूज चढवतं आणि आतून हाडं पोखरतं. माझं डोकं फिरलं. मी डबा उचलला आणि मोरीकडे निघाले. त्या वयाच्या बाईनं, कंबर धरलेली असताना, माझ्या हातातून तो हिसकावला, स्टुलावर ठेवला आणि त्या स्वतः त्याच्यावर बसल्या.

‘टाकायची नाय! एकदम बंद केलं तर उद्या ही न्हाणीत कोसळंल. शरीराला त्याची सवय लागलीय. डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं, जिना उतरतो तसं.’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीनं पुण्याला गेलो. डबा सिस्टरच्या मांडीवर. मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, मापून गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी कशा करायच्या ते समजावलं. एक्स-रे काढला. गुडघा ठीक होता. खुबा गेला होता. त्यात पुडीचा वाटा किती आणि आधीचं किती, ते आता सांगता येणार नाही म्हणाले. ऑपरेशनचं नाव आईनं काढू दिलं नाही.

परतीच्या गाडीतून सिस्टर मंचरला उतरल्या आणि गल्लीच्या तोंडापासून सांगत निघाल्या, ‘मी चुकले. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं, हे शिकलेलं मी विसरले. इतके दिवस भलतंच दार वाजवत होते.’ ज्यांना त्यांनी शेकाचं यश सांगितलं होतं त्या प्रत्येकाला गाठून सांगितलं. मला वाटलं, कशाला एवढं? पण त्यांना दुसऱ्याचं दुखणं झाकून ठेवता यायचं नाही, तशी स्वतःची चूकही.

पुढचे महिने फार वाईट गेले. पुडीनं झाकलेलं सगळं वर आलं. आईला कूस बदलता येईना. सिस्टरनी तिला बातम्यांच्या वेळा लावून दिल्या, भाकरीसाठी उंच ओटा करायला लावला आणि काठी आणली. काठीवरूनही भांडण. ‘दुखतं हिकडं आन काठी तिकडं? येड लागलं का सिस्टरबाई?’ दुखऱ्या बाजूच्या उलट हातात काठी धरायची, मग भार हलका होतो, हे पटायला तिला आठवडा लागला. तोवर ती सिस्टर बघत असल्या की डाव्या हातात आणि वळल्या की उजव्या हातात धरायची.

आणि तिनं चोरून पुन्हा पुडीसाठी निरोप धाडला. तो सिस्टरच्या कानावर आला. बाजारच्या दिवशी त्या स्टूल घेऊन जीपच्या थांब्यावर गेल्या आणि आमच्या गावच्या जीपपुढं, बॉनेटला पाठ लावून बसल्या. मी धावत पोचले तेव्हा हॉर्न वाजत होता.

‘ओ आजी, बाजूला व्हा राव, गाडी काढायचीय.’

‘काढ की. माझ्या अंगावरनं काढ.’ मग आतल्या माणसांकडं वळून म्हणाल्या, ‘त्या बाबाची पुडी घेऊन ज्यांची तोंडं गोल झालीत त्यांनी हात वर करा.’

हात कुणी वर केला नाही. पण सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मागच्या बाकावरचे एक आजोबा हळूच आपले गाल चाचपत होते. एक गडी उसळून म्हणाला, ‘त्याच्या औषिदानं माझा बाप दोन वर्सांनी शेतात गेला, सिस्टर.’

‘गेला असंल. दुखणं झाकलं म्हणून गेला. आत हाड झिजतंय हे त्याला कळू दिलं नाय त्या पुडीनं. आणि ऐका, आज ऐकून आज टाकून देऊ नका. आधी डॉक्टरकडं या, पुडी घेऊन या.’ एवढं बोलून त्यांनी स्टूल उचललं. जीप गेली. ते गालवाले आजोबा पुढच्या बाजारी सिस्टरच्या दारात बसलेले होते.

पण आई बोलत नव्हती. रोज सकाळी नळावर सिस्टर विचारायच्या, ‘अक्का, आज कुठं?’ आणि आई म्हणायची, ‘बरं हाय.’ दुखतं म्हटलं की माणूस कामातून जातं, ही तिची भीती. तिच्या सासूनं एकदा ‘होत नाही आता’ म्हटलं आणि तिचा कोपरा ठरला तो मरेपर्यंत. तोही स्वतःच्या घरात. ही तर लेकीच्या घरी होती. सिस्टर चिडत नव्हत्या. ‘हे मला नको,’ म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

एका सकाळी आईच्या हातातून हंडा पडला. सिस्टरनी विचारलं, ‘आज कुठं?’ आणि आई ओरडली, ‘खुब्यात! सगळा खुबा जळतोय! रातभर डोळा न्हाई लागला. मला न्हाई झाडायचं आज. भांडी बी न्हाई घासायची. मला न्हाई होत!’ सगळी गल्ली दारात आली. आई भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडायला लागली. मीही दारात उभी राहून रडत होते.

‘रातभर?’ सिस्टर म्हणाल्या. ‘मग संध्याकाळची गोळी लवकर पडतेय. झोपताना घ्यायची. हे आधी बोलली असतीस तर इतक्या रात्री गेल्या नसत्या.’ आणि त्यांनी हंडा उचलला.

त्या रात्रीपासून आई झोपायला लागली. हळूहळू काठी घेऊन भाजीबाजारापर्यंत जायला लागली. रोज नळावर दोघींचं चालायचं, माझी कंबर अशी, माझा खुबा तसा, आणि त्यावरून हसणंही. पण हे सिस्टरपाशी. मी विचारलं की आई अजूनही ‘बरं हाय’ म्हणायची. लेकीला सांगायचं नाही, ते नाहीच.

पुढं नवऱ्याची नारायणगाव डेपोला बदली झाली आणि आम्ही मंचर सोडलं. काही वर्षांनी निरोप आला, सिस्टरना अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुण्याहून त्यांचा पुतण्या आणि त्याची बायको येऊन राहिले होते. मी आईला घेऊन गेले.

पुतण्याची बायको भली होती, घर लख्ख ठेवलं होतं. ‘त्रास काही नाही हो त्यांना,’ ती म्हणाली. ‘शांत पडून असतात. नाहीतर केवढ्या बोलायच्या.’ सिस्टर छताकडं बघत होत्या. ते गप्प पडलेलं तोंड मला बघवेना. मी बाहेर येऊन बसले. आई मात्र खाटेशेजारच्या खुर्चीत बसली ती सकाळपासून हललीच नाही. जेवायलाही उठली नाही. नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

दुपारी डॉक्टर आले. नाडी, रक्तदाब बघून निघाले तसं आईनं काठी आडवी धरली.

‘हिला दुखतंय.’

‘आजी, त्या काही सांगत नाहीत तसं.’

‘तिला सांगता येत न्हाई म्हनून म्या सांगते. उजवा खांदा. कुशीवर वळिवलं की भिवया वर जात्यात आन व्हट दाबून धरती. डाव्या हाताची मूठ आवळती. तांब्या उजव्या अंगानं लावला तर पानी पीत न्हाई, मान वळवत न्हाई. तुमी हात उचलून बघा, पर हळू.’

डॉक्टरांनी हात अगदी हलके उचलला. सिस्टरच्या भुवया वर गेल्या आणि डोळ्यांतून पाणी कानशिलावर उतरलं. डॉक्टर परत बसले. लुळ्या बाजूचा खांदा सांध्यातून ओघळतो, हात धरून ओढलं की फार दुखतो, हाताखाली सतत उशी हवी, असं त्यांनी दाखवून दिलं आणि वेळच्या वेळी द्यायचं औषध लिहिलं. पुतण्याची बायको रडायला लागली. ‘मी रोज तोच हात धरून बसवत होते.’

‘तुला कुनी सांगितलंच न्हाई, पोरी,’ आई म्हणाली.

उशी लावली. औषधानंतर तासाभरानं सिस्टरचे ओठ सैल पडले आणि त्या झोपल्या. पुढं त्या काही महिनेच होत्या. आई दर बाजारच्या दिवशी जीपनं मंचरला जायची आणि त्यांचं सगळं डॉक्टरांना सांगून यायची. शेवटचे दिवस त्यांना जड गेले नाहीत, एवढं मी खात्रीनं म्हणू शकते.

त्या पहिल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गल्लीत बायका दारात बसल्या होत्या, सगळ्या ओळखीच्या. निम्म्या वाटेवर आई थांबली. मला वाटलं चप्पल निसटली.

‘लई दुखतंय मला,’ ती म्हणाली. हळू नाही, चार घरांना ऐकू जाईल अशी. ‘दिसभर बसून खुबा पार धरलाय. काठीनं भागायचं न्हाई. मला धर.’

इतकी वर्षं माझ्या घरात राहून तिनं माझ्याकडं कधी पाण्याचा तांब्याही मागितला नव्हता. मी तिच्या काखेत हात घातला. क्षणभर ती ताठ राहिली, आणि मग तिनं आपला सगळा भार माझ्यावर टाकला.